पत्रास कारण की, तुमचा ओझोनही मिलिमीटरातच मोजतात

प्रति,
अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती केंद्रांवर यंदाचा हिवाळा काढणाऱ्या चमूतील, हवेची नोंद ठेवणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. मी जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातला, एका मंडळाच्या गावचा. महसूल खात्यात कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली एकोणीस वर्षं पर्जन्यमापकाची वही माझ्याकडं होती. पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा लिहायचा. पाऊस नसला तर ‘निरंक’. आमच्याकडच्या पावसाळ्यातले निम्म्याहून जास्त दिवस निरंकच जातात, त्यामुळं माझ्या हस्ताक्षरात सगळ्यात जास्त वेळा लिहिला गेलेला शब्द कोणता असेल तर तो हाच. सहीसुद्धा इतक्या वेळा केली नसेल.

तुम्हाला पत्र लिहावं असं पहिल्यांदा मनात आलं ते एका डबीमुळं. दोन वर्षांमागं तूर काढणीच्या दिवसांत शेजारच्या वावरात पांढऱ्या थर्माकोलची एक डबी सापडली. तिला लांब दोरी, दोरीच्या टोकाला फाटक्या रबराचं लक्तर, आतून वायरी डोकावत होत्या. सालगड्यानं मालकाला फोन लावला, मालकानं पोलीस पाटलाला. तासाभरात बांधावर ही गर्दी. कुणी म्हणे बाँब आहे, कुणी म्हणे कॅमेरा आहे. एक जण ठासून म्हणाला, “हे पाऊस पळवायचं यंत्र हाय.” हसू नका. २०१५ साली औरंगाबादेतून विमानं उडवून ढगांत रसायनं फवारली, पाऊस काही मनासारखा आला नाही, आणि तेव्हापासून आभाळातून जे काही खाली येईल त्याच्यावर आमच्याकडं संशय आहे.

मी पुढं झालो. डबीवर हवामान खात्याचा कागद चिकटवलेला होता, त्यावर ती निरुपद्रवी आहे असं इंग्रजीत लिहिलं होतं. जमलेल्यांपैकी इंग्रजी वाचणारे जवळ जायला भीत होते आणि जवळ गेलेल्यांना इंग्रजी येत नव्हतं. मग मीच समजावून सांगितलं : फुगा वर जातो, वर हवा विरळ होते तसा फुगत जातो, तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो. तोवर ही डबी तिथलं तापमान, ओल, दाब सगळं खाली कळवत राहते. फुगा फुटला की तिचं काम संपलं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या बाजूनं सुटलेलं आपल्या वावरात येऊ शकतं. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठाले फुगे सुटतात तेव्हा तर पेपरात आवाहनच येतं की काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, कळवा.

लोक पांगले. सालगडी तेवढा थांबला. डबी हातात घेऊन म्हणाला, “एवढं वर जाऊन आली अन् वजन कायबी नाही.” ते वाक्य डोक्यात राहिलं. मग मी या फुग्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता तुमच्यापर्यंत येऊन पोचलो. अशीच डबी तुम्हीही सोडता, फक्त तिला एक चिमुकलं भांडं जास्तीचं जोडता. त्यात पोटॅशियम आयोडाइडचं पाणी. वरची हवा त्यातून बुडबुडत जाते; जितका ओझोन असेल तितकं आयोडीन सुटतं आणि त्या प्रमाणात बारीकशी वीज वाहते. त्या विजेवरून ओझोन कळतो. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी पुण्यात हवामान खात्याची उपकरणं देशातच बनवायचा ध्यास घेतला होता, त्या खटाटोपातूनच ओझोन मोजायचं भारतीय उपकरणही उभं राहिलं. माझ्या पर्जन्यमापकाच्या काचेवरच्या रेघा बरोबर असाव्यात म्हणूनही अशाच कुणीतरी डोळे फोडले असतील. नोकरीत असताना हे डोक्यात आलं नाही, याची आता थोडी लाज वाटते.

आता मुद्द्याचं.

गेल्या सप्टेंबरात आमच्या शाळेत एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. आमच्याकडं १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली त्या दिवशी निजामाच्या राजवटीतून सुटलो. झेंडावंदन, कवायत, प्रभातफेरीची तालीम, या गडबडीत आदला दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही. १६ सप्टेंबर हा जागतिक ओझोन दिन. १९८७ साली त्या तारखेला ओझोन खाणारे वायू थांबवायचा मॉन्ट्रियल करार झाला. एका उत्साही मास्तरांनी त्या वर्षी तो धरला आणि पाहुणे बोलावले. पाहुण्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. बर्फ, पेंग्विन, लाल अंगरख्यातली माणसं, खांबांवर उभं असलेलं केंद्र. लेकरं खूश. शेवटी पाहुणे म्हणाले, अंटार्क्टिकावरच्या या संशोधनामुळं उद्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाऊस कधी पडणार ते आधीच कळेल.

मागं भिंतीला टेकून आमचे एक आप्पा बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस. ते उठले. “मंग साहेब, परतीचा पाऊस येणार का नाही तेवढं सांगून जा. सोयाबीन वाळायलंय.”

सभागृह हसलं. पाहुणेही हसले, म्हणाले, संशोधन सुरू आहे. आप्पा बसले नाहीत, काठी उचलून निघाले. दारात माझ्याजवळून जाताना पुटपुटले, “टाकीत पाणी नाही अन् हे बर्फ मोजायलेत.”

आप्पांना मी अडाणी म्हणणार नाही. २०१२ साली जालन्यात माणसांनी पाण्यासाठी काय सोसलं ते त्यांनी पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर. ज्या मुलखानं पाण्याची रेल्वे पाहिली तिथं बर्फावरच्या खर्चाचा हिशोब कुणीही मागणार. मला राग आला तो पाहुण्यांच्या उत्तराचा. ते उत्तर खोटं होतं असंही नाही, पण उधारीचं होतं. मोंढ्यात आडत्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो तसलं.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती : आम्हाला पाऊस कबूल करू नका. तुमच्या वतीनं कुणी कबूल करत असेल तर त्यालाही थांबवा.

नातं आहे, ते मला कळतं. मान्सूनचा वारा दक्षिण गोलार्धातूनच निघतो. मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारेन बेटांच्या परिसरात हवेचा उच्च दाब असतो, तिथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यानं वळतो आणि अरबी समुद्राची ओल घेऊन आपल्याकडं येतो. त्या उच्च दाबाच्याही दक्षिणेला तुमचा बर्फ आणि तुमचे घोंघावणारे वारे. तिथलं काही बदललं तर इकडं काय होतं याचा शोध शास्त्रज्ञ घेतायत, घ्यायलाच पाहिजे. पण त्या शोधापासून आमच्या मंडळातल्या पुढच्या मंगळवारच्या पावसापर्यंत जी वाट आहे ती फार लांबची आहे, आणि ती अजून पुरती बांधलेली नाही. एवढं सरळ सांगितलं असतं तर आप्पा बसले असते. त्यांनी आयुष्यभर पंचांगवाल्याचे, रेडिओवाल्याचे आणि मोबाइलवाल्याचे अंदाज ऐकलेत. ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस त्यांना एकदाही भेटलेला नाही.

मग आम्हाला सांगायचं काय? तर तुम्ही खरोखर जे करता ते. रोज मोजता. माझ्या मते ते आमच्या माणसांना पावसाच्या वचनापेक्षा जास्त कळेल. कसं, ते सांगतो.

ओझोन डॉब्सन एककात मोजतात हे वाचलं तेव्हा मला आधी काहीच बोध झाला नाही. मग कळलं की डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन खाली आणून, जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर शंभर एकक म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा थर. म्हणजे साधारण तीनशे एकक असणारा सगळा ओझोन तीन मिलिमीटर! मी वही खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. तिला वाटलं काय झालं. आमच्या खात्यात अडीच मिलिमीटरच्या आत पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून धरतसुद्धा नाहीत. अडीच झाला की दिवस मोजला जातो. सूर्याच्या घातक किरणांपासून सगळ्या जीवसृष्टीला झाकणारं पांघरूण आमच्या हिशोबात जेमतेम एका पावसाच्या दिवसाएवढं. आणि तुमच्याकडं दोनशे वीस एककांच्या खाली गेलं की त्याला ओझोनचं छिद्र म्हणतात. म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. आमच्या वहीत एवढा पाऊस झाला तर म्हणायचं, भुरभुर आली, धूळ बसली, वापसा काही नाही.

आता मिलिमीटरची किंमत काय असते ते मी स्वतः भोगलेलं सांगतो. आमच्याकडं एका मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. मग पंचनामे, मग भरपाई. पासष्टच्या आत झाला तर तो नुसताच पाऊस. एका वर्षी सोयाबीन काढणीला आलेलं असताना रात्रभर झोडपलं. सकाळी साडेआठला मी गेलो तर पर्जन्यमापकाभोवती आधीच पंचवीस-तीस माणसं उभी. काच दोन-तीनदा भरली. बेरीज आली बासष्ट पूर्णांक सहा. शेजारच्या मंडळात एकाहत्तर झाला होता. कुणी आवाज चढवला नाही. एक जण फक्त एवढंच म्हणाला, “दादा, पासष्ट लिहा की. अडीच मिलिमीटरनं तुमचं काय जायलंय?”

त्या गर्दीत माझा थोरला भाऊ होता. त्याचं चार एकर सोयाबीन पाण्यात होतं. दुपारी वरून फोन आला, ‘आकडा ढोबळ लिहिला तरी चालेल.’ मी बासष्ट पूर्णांक सहा लिहिला. भाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि दिवाळीत बोलला तेही वहिनीनं भरीला घातलं म्हणून. मी बरोबर केलं का? आकडा बरोबर होता. नुकसानही खरं होतं. पासष्टची रेघ ज्यांनी आखली त्यांनी माझ्या भावाचं वावर पाहिलेलं नव्हतं. पण काचेत जे आहे ते लिहायचं सोडून दुसरं लिहायला लागलो तर ती वही माझी राहत नाही, पंचवीस माणसांची होते. आणि पुढच्या वर्षी ती तीसांची होते.

फार साधू समजू नका. एकदा मीही लबाडी केली आहे. सुरुवातीची वर्षं होती, मेव्हण्याचं लग्न परभणीला, दोन दिवस गावात नव्हतो. आलो तर बाटलीत दोन दिवसांचं पाणी एकत्र, त्यातलं किती कुठल्या दिवसाचं कोण सांगणार? खरं तर तसंच लिहायला हवं होतं, ‘दोन दिवसांचा एकत्रित’. पण मग गैरहजेरी उघडी पडली असती. मी वाटणी केली : पहिल्या दिवशी पाच, उरलेला दुसऱ्या दिवशी. बरोब्बर पाच. आभाळ असं बरोब्बर पाच कधी देत नाही. तो आकडा अजून कुठल्या तरी सरासरीत बसलेला असेल. आज मला बाकीच्या हजारो नोंदी आठवत नाहीत, तो पाच तेवढा आठवतो.

म्हणून तुमच्याविषयी वाचताना माझं लक्ष बर्फाकडं, पेंग्विनकडं गेलंच नाही. माझं लक्ष गेलं ते मैत्रीवरच्या त्या दोन महिन्यांकडं, जेव्हा सूर्य उगवतच नाही. मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत. सूर्यप्रकाश पाहून ओझोन मोजणारी यंत्रं त्या काळात आंधळी, फुग्यावरच भिस्त. बाहेर वावटळ, बर्फाचं पीठ तोंडावर, समोरचा हात दिसत नाही. निरीक्षणाची वेळ झालेली. आत ऊब, चहा. कोण बघतंय? कालचा उणे अठ्ठावीस होता, आज उणे सव्वीस लिहिला तर जगात कुणाला कळणार आहे? मला परभणीच्या लग्नानं मोहात पाडलं, तुम्हाला तर आख्खा हिवाळा पाडत असेल. आणि तरी तुम्ही बाहेर जाता, यावर आम्ही विश्वास ठेवतो. आप्पांना हे सांगायला हवं होतं. पेरलेलं राखायला थंडीत रात्र रात्र वावरात जागणाऱ्या माणसाला याची किंमत कुणी समजावून द्यावी लागत नाही.

ओझोनच्या छिद्राची गोष्टही मुळात अशा कंटाळवाण्या वहीचीच. ब्रिटिशांचं अंटार्क्टिकावरचं हॅली हे केंद्र १९५७च्या सुमारास, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानं ओझोन मोजायला लागलं. वर्षामागून वर्षं तोच आकडा, थोडा इकडं-तिकडं. असल्या नोंदी कशाला चालू ठेवायच्या, असा प्रश्न अशा ठिकाणी विचारला जातोच. आमच्या तहसिलातही विचारला गेला आहे. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडच्या वसंतातला, म्हणजे ऑक्टोबरातला आकडा उतरायला लागला. तिथल्या नोंदी तपासणारे शास्त्रज्ञ जो फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आधी वाटलं यंत्रच जुनं झालं. त्यांनी दुसरं यंत्र नेलं. तेही तेच सांगू लागलं. तीनशेच्या आसपासचा आकडा दोनशेच्या खाली आला, तेव्हा मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी ते छापलं. वरून फिरणाऱ्या अमेरिकी उपग्रहाच्या नोंदींतही हे कमी आकडे होते, पण इतके कमी असूच शकत नाहीत म्हणून त्यांच्यावर आपोआप संशयाची खूण पडत होती.

यात मला चटका लावून जातो तो एक जपानी माणूस. शिगेरू चुबाची. त्यांनी १९८२ साली जपानच्या श्योवा केंद्रावर हिवाळा काढला, त्यांनाही हा उतार दिसला होता आणि १९८४ मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत त्यांनी तो मांडलाही. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्यांच्या हाती एका वर्षाचा हिशोब होता, हॅलीकडं पाव शतकाहून जास्त वर्षांचा. एका वर्षाच्या वहीला दुष्काळही म्हणता येत नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?

कारण नंतर उलगडलं. ध्रुवीय रात्रीत वरची हवा स्वतःभोवतीच फिरत कोंडून राहते. ती उणे अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास गेली की तिथं एरवी न होणारे ढग तयार होतात. फ्रिजमधून, फवाऱ्याच्या डब्यांतून सुटलेल्या वायूंतला क्लोरीन त्या ढगांच्या कणांवर मोकळा व्हायला टपून बसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य परतला की ओझोनचा फडशा. म्हणजे तुमच्याकडं उजाडणं हाच घातवार. आणि इथं मला एक समाधान आहे, ते आप्पांपुढंही मांडलं : माणसांनी ते वायू थांबवले. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला. छिद्र भरून यायला मात्र अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपासचं साल उजाडेल, असा जागतिक हवामान संघटनेचा अंदाज आहे. आप्पा म्हणाले, “म्हंजे नातवाचं नातू बघंल.” मी म्हटलं, बघेल, पण तोवर कुणीतरी वही लिहायला पाहिजे.

दुसरा एक आकडाही तुमच्याच बाजूचा. कार्बन डायऑक्साइड. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत सुमारे तीनशे पंधरा भाग होता. कारखाने, गाड्या, माणसांची वर्दळ सगळी उत्तर गोलार्धात जास्त, त्यामुळं चारशेची रेघ पृथ्वीवर सगळ्यात शेवटी ओलांडली ती दक्षिण ध्रुवानं. २३ मे २०१६ ला. ती तारीख वाचून मी थबकलो. त्या मे महिन्यात लातूरच्या स्थानकात पाण्याची गाडी येत होती. या दोन गोष्टींत कार्यकारण जोडायचा चावटपणा मी करणार नाही. एका दुष्काळावरून असं काही म्हणता येत नाही, हे आत्ताच चुबाचींच्या निमित्तानं लिहिलं. पण एकाच उन्हाळ्यात दोन्ही वह्यांत नोंद पडली, एवढं खरं. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासून मागच्या आठ लाख वर्षांचा हिशोब लावलाय, त्यात हा आकडा तीनशेच्या वर फारसा गेलेला दिसत नाही. आता तो चारशे वीसच्याही पुढं आहे.

आता माझी खरी मागणी. इतकं पाल्हाळ तिच्यासाठीच लावलं.

मैत्री १९८९ पासून उभी आहे. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री बर्फात गाडलं गेलं आणि सोडावं लागलं. म्हणजे आपली नोंद एकदा जागा बदलून बसलेली आहे. आता मैत्रीचंही वय झालं, नवं मैत्री-२ बांधायचं ठरलंय, असं वाचलं. चांगलंच आहे. पण स्थलांतराच्या गडबडीत यंत्रांचं काय करणार, हे कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या मंडळाचं जुनं कार्यालय पाडलं तेव्हा पर्जन्यमापक नव्या इमारतीच्या आवारात हलवला. एका दिवसात हलवला. गवंडी मोकळे होते, सिमेंट उरलेलं होतं, लावून टाकला. जवळच्या कुठल्याही आडोशापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, हा साधा नियम. नव्या जागी एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लिंब. नैऋत्येकडून तिरपा येणारा पाऊस भिंत खायची. मी लेखी कळवलं, त्याची पोच आली, बाकी काही झालं नाही. तिथून पुढं आमच्या मंडळाचा पाऊस ‘कमी झाला’. एका अहवालात चक्क तसं वाक्यही आलं. पाऊस कमी झाला, का भिंत आडवी आली? आज कुणीही सांगू शकत नाही. कारण जुना आणि नवा असे दोन्ही पर्जन्यमापक एक-दोन पावसाळे शेजारी शेजारी चालवले नाहीत. चालवले असते तर फरक किती ते कळलं असतं, जुनी वही नव्या वहीला सांधता आली असती. त्या एका दिवसाच्या सोयीपायी माझ्या आधीच्यांची आणि माझी मिळून चाळीसेक वर्षं अधांतरी राहिली.

तुमच्या बाबतीत हे होऊ नये. नवं केंद्र उभं राहिलं तरी जुन्या जागेवरची यंत्रं निदान दोन पूर्ण वर्षं नव्यांच्या जोडीनं चालू ठेवा. दोन हिवाळे, दोन ऑक्टोबर. खर्च वाढेल, माणसं जास्त लागतील, कुणीतरी विचारेल की तेच तेच दोनदा कशाला मोजता. तुम्ही प्रत्यक्ष निरीक्षण करणारे आहात, तुमचं म्हणणं वर जाताना त्याला वजन असतं. ते आत्ताच लेखी द्या. पोच घ्या. आणि पोचेवर थांबू नका, ही माझी चूक होती.

अजून एक, लहानसं. तुमच्यात कुणी मराठी असेल तर परत आल्यावर आमच्या शाळेत या. १६ सप्टेंबरला नाही जमलं तर १७ ला या, झेंडावंदनाला गाव जमलेलंच असतं. पेंग्विनची चित्रं आणू नका, त्या लेकरांनी मोबाइलवर पाहिलीत. वहीची झेरॉक्स आणा. एखाद्या अंधाऱ्या जुलै महिन्याचं पान, त्यावर कुणाच्या तरी आखडलेल्या बोटांचं वाकडं अक्षर असेल तर फारच उत्तम. सगळं संगणकावरच असेल तर ती छापील यादी आणा. आणि एक फुगा आणा. भांडं कसं जोडतात, दोरी कशी सोडतात ते पोरांसमोर करून दाखवा. आप्पा पुढच्या रांगेत बसतील याची हमी माझी. ते पाऊस विचारतीलच. त्यांना ‘माहीत नाही’ म्हणा.

२१ जूनला तुमच्या सगळ्या केंद्रांवर मध्य-हिवाळ्याचा सण करतात म्हणे, सर्वांत काळोख्या दिवसाचा. आमच्याकडं त्याच सुमाराला मृग संपून आर्द्रा निघतात. पेरणी झालेली असली तर माणूस आभाळाकडं बघत बसतो, झालेली नसली तरी बघतच बसतो. यंदा त्या दिवशी सकाळी माझ्या घरच्या पर्जन्यमापकाजवळ बसलो असताना तुमची आठवण आली होती. हो, निवृत्त झाल्यावर एक जुना विकत घेऊन अंगणात लावलाय, भिंतीपासून लांब. मंडळात आता स्वयंचलित यंत्र आहे, त्याचा आकडा मोबाइलवर येतो. माझा त्याच्याशी ताडून बघतो. कधी जुळतो, कधी नाही. नाही जुळला की दोन्ही लिहून ठेवतो.

तुमच्याकडं आता सूर्य परतला असेल, म्हणजे फुग्यांची घाई सुरू. पत्र लांबलं. उत्तराची अपेक्षा नाही, पण ऑक्टोबरातला तुमचा सर्वांत कमी आकडा कळवलात तर माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीन. मिलिमीटरातच लिहीन.

आपला,
एक निवृत्त पाऊस मोजणारा
परतूर तालुका, जि. जालना

ता. क. आज सकाळी ८.३० : १.८ मिमी. पावसाचा दिवस नव्हे.